मूत्रपिंड निष्फलता, अंतिम : भारतातील प्रमाण

दोन्ही मूत्रपिंडांचे कार्य कायमचे व इतके क्षीण होणे की, कृत्रिम साधनाने रक्तशुद्धी केल्याशिवाय अथवा दुसऱ्याचे मूत्रपिंड रोपण केल्याशिवाय जीवन टिकू शकत नाही, या स्थितीस अंतिम मूत्रपिंड निष्फलता म्हणतात. मूत्रपिंडास वृक्क असेही नाव आहे. कृत्रिम रक्तशुद्धीच्या क्रियेस अपोहन म्हणतात. व्यवहारात ती डायलिसिस या नावानेच ओळखली जाते. एखाद्या देशात अपोहनाची गरज असणारे रुग्ण किती, हा प्रश्न वरवर पाहता साध्या मोजणीचा वाटतो. प्रत्यक्षात जेथे उपचार सर्वांना मिळतात तेथे ही मोजणी रोगाचे प्रमाण सांगते. जेथे ते थोड्यांनाच मिळतात तेथे ती उपचार किती जणांपर्यंत पोहोचले एवढेच सांगते. भारताविषयीची आकडेवारी वाचताना हा भेद सतत ध्यानात ठेवावा लागतो.

स्वरूप : प्रत्येक मूत्रपिंडात सु. १० लाख सूक्ष्म गाळणयंत्रे असतात. निरोगी प्रौढ व्यक्तीत त्यांतून दररोज सु. १८० लि. द्रव गाळला जातो व त्यांपैकी सु. १.५ लि. एवढाच मूत्ररूपाने बाहेर पडतो. बाकीचा पुन्हा शोषला जातो. यूरिया, क्रिॲटिनीन इ. त्याज्य द्रव्यांचे उत्सर्जन, शरीरातील पाणी, लवणे व अम्लता यांचा समतोल, रक्तदाबाचे नियमन, तांबड्या कोशिकांच्या उत्पादनास चालना देणाऱ्या हॉर्मोनाची निर्मिती आणि ड जीवनसत्त्वास कार्यक्षम रूप देणे ही मूत्रपिंडाची प्रमुख कार्ये आहेत. गाळणयंत्रांचा मोठा भाग नष्ट झाला, तरी उरलेली यंत्रे अधिक काम करून तूट भरून काढतात. त्यामुळे रोग वर्षानुवर्षे लक्षणांवाचून वाढत राहतो. थकवा, मळमळ, भूक मंदावणे, चेहऱ्यावर व पायांवर सूज, धाप लागणे ही लक्षणे दिसू लागतात, तेव्हा कार्यशक्तीचा थोडाच अंश शिल्लक असतो.

गाळण्याच्या दरावरून चिरकारी मूत्रपिंडविकाराच्या पाच अवस्था मानल्या जातात. हा दर शरीराच्या १.७३ चौ. मी. पृष्ठभागास मिनिटाला १५ मिलि. पेक्षा कमी झाला म्हणजे पाचवी अवस्था येते. या अवस्थेतील प्रत्येक रुग्णाला लगेच अपोहन लागते असे नाही. लक्षणे, शरीरात साचणारे पाणी आणि रक्तातील पोटॅशियमाची पातळी पाहून ते सुरू करण्याची वेळ ठरवितात.

तीव्र निष्फलतेहून भेद : सर्पदंश, गंभीर जंतुसंसर्ग, तीव्र अतिसार, प्रसूतीतील रक्तस्राव किंवा काही विषारी औषधे यांमुळे मूत्रपिंडाचे कार्य काही तासांत वा दिवसांत थांबू शकते. यास तीव्र निष्फलता म्हणतात. कोकणात पावसाळ्यात होणारा लेप्टोस्पायरोसिस आणि घोणस व फुरसे या सापांचे दंश ही तिची परिचित कारणे आहेत. अशा रुग्णास काही दिवस वा आठवडे अपोहन द्यावे लागते. परंतु वेळेवर उपचार झाल्यास मूत्रपिंड बहुधा पुन्हा काम करू लागते. या रुग्णांची गणना अंतिम निष्फलतेत करीत नाहीत. काहींचे कार्य मात्र पूर्णपणे सुधारत नाही व ते पुढे चिरकारी विकाराकडे वळतात. तीव्र निष्फलतेत अपोहन हा संकटातून पार नेणारा तात्पुरता आधार असतो. अंतिम निष्फलतेत तो आयुष्यभराचा असतो.

अपोहन : रक्त-अपोहनात रुग्णाचे रक्त शरीराबाहेर काढून अर्धपार्य पटलाच्या हजारो बारीक नळ्यांतून फिरवितात. पटलाच्या दुसऱ्या बाजूने ठराविक लवणे असलेला विद्राव उलट दिशेने वाहत असतो. संहतीतील फरकामुळे त्याज्य द्रव्ये विद्रावात उतरतात, तर दाबातील फरकामुळे जादा पाणी निघून जाते. हा विद्राव मिनिटाला सु. ५०० मिलि. या वेगाने वाहतो, म्हणजे चार तासांच्या एका बैठकीस सु. १२० लि. शुद्ध केलेले पाणी लागते. आठवड्यातून तीन बैठका योग्य मानल्या जातात. भारतात खर्च व अंतर यांमुळे अनेक रुग्ण दोनच बैठका घेतात. पर्युदरीय अपोहनात रुग्णाच्या उदरातील पर्युदर या नैसर्गिक पटलाचाच उपयोग करतात. नळीवाटे पोटात विद्राव सोडून काही तासांनी तो काढून घेतात. हे काम घरीच करता येते. त्यास यंत्राची वा वीजपुरवठ्याची अपरिहार्य गरज नसते. मात्र विद्रावाचा नियमित पुरवठा व काटेकोर स्वच्छता लागते. हाँगकाँग व थायलंड येथील सार्वजनिक आरोग्यव्यवस्थांनी या पद्धतीस प्राधान्य देणारी धोरणे राबविली. भारतात मात्र तिचा वापर अल्प आहे.

ऐतिहासिक आढावा : नेदर्लंड्समधील काम्पेन येथे व्हिलेम कॉल्फ यांनी १९४३ मध्ये सेलोफेनच्या नळ्या गुंडाळलेल्या फिरत्या पिंपाचे कृत्रिम मूत्रपिंड वापरात आणले व १९४५ मध्ये त्यामुळे तीव्र निष्फलतेचा एक रुग्ण प्रथमच वाचला. प्रत्येक वेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागत असल्याने दीर्घकाळ अपोहन करणे तेव्हा अशक्य होते. अमेरिकेतील सिॲटल येथे बेल्डिंग स्क्रिब्नर व सहकाऱ्यांनी १९६० मध्ये धमनी व नीला यांना जोडणारी टेफ्लॉनची कायम नळी बसविली आणि चिरकारी रुग्णांचे अपोहन शक्य झाले. १९६६ मध्ये ब्रेशिया, सिमिनो व सहकाऱ्यांनी मनगटाजवळील धमनी व नीला यांची शस्त्रक्रियेने थेट जोड करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तीच आजही सर्वांत टिकाऊ मानली जाते.

सिॲटलमध्ये यंत्रे थोडी व रुग्ण अधिक अशी स्थिती असल्याने, कोणाला उपचार द्यावयाचे हे ठरविण्यासाठी नागरिकांची समिती नेमण्यात आली होती. या निवडीवर तेथे मोठा वाद झाला. अमेरिकी शासनाने १९७२ मध्ये कायदा करून बहुतेक सर्व रुग्णांच्या अपोहनाचा खर्च सार्वजनिक विमा योजनेतून देण्याचे ठरविले.

भारतात मूत्रपिंड रोपणाचा पहिला प्रयत्न मे १९६५ मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात मृत दात्याचे मूत्रपिंड वापरून झाला. जिवंत दात्याकडून झालेले पहिले यशस्वी रोपण १९७१ मध्ये वेल्लोर येथील ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात करण्यात आले. त्यानंतर अपोहनाची सोय मोठ्या शहरांतील शासकीय व महानगरपालिका रुग्णालयांत आणि पुढे मुख्यत्वे खाजगी क्षेत्रात वाढत गेली.

गणनेतील दोन मोजमापे : रोगपरिस्थितिविज्ञानात दोन मोजमापे वेगळी ठेवतात. एका वर्षात दर दहा लाख लोकसंख्येमागे नव्याने आढळणाऱ्या रुग्णांची संख्या म्हणजे नवरुग्णदर आणि एखाद्या दिवशी दर दहा लाखांमागे हयात असलेल्या रुग्णांची संख्या म्हणजे विद्यमान रुग्णदर. हौदात दर तासाला पडणारे पाणी व हौदात साठलेले पाणी यांत जो फरक, तोच या दोहोंत आहे. हौदाची गळती मोठी असेल, तर पाणी कितीही पडले तरी साठा वाढत नाही. त्याचप्रमाणे नवे रुग्ण पुष्कळ असूनही ते लवकर दगावत असतील, तर विद्यमान रुग्णांची संख्या कमीच राहते. स्थिर परिस्थितीत विद्यमान रुग्णदर हा नवरुग्णदर व उपचारावर जगण्याचा सरासरी काळ यांच्या गुणाकाराइतका असतो.

जपानमध्ये दरवर्षी सु. ४० हजार नवे रुग्ण अपोहन सुरू करतात व सु. ३.५ लाख रुग्ण अपोहनावर असतात, म्हणजे दर दहा लाखांमागे अनुक्रमे सु. ३२० व सु. २,७५०. भागाकाराने उपचाराचा सरासरी काळ आठ-नऊ वर्षे येतो. तैवानमध्ये हे प्रमाण याहूनही अधिक आहे. तेथे अपोहनावरील रुग्ण एवढे असण्याचे एक कारण रोगाचे प्रमाण हे असले, तरी उपचार सर्वांना मिळतात व त्यामुळे रुग्ण दीर्घकाळ जगतात हे दुसरे आणि तितकेच महत्त्वाचे कारण आहे.

भारतातील नवरुग्णदर : भारतात अंतिम निष्फलतेच्या रुग्णांची देशव्यापी सक्तीची नोंदणी नाही. रुग्णालयात आलेल्या रुग्णांवरून काढलेले प्रमाण विश्वसनीय नसते. कारण रुग्णालयापर्यंत न आलेले त्यातून गळतात आणि रुग्णालय नेमक्या किती लोकसंख्येची सेवा करते हेही सांगता येत नाही. या अडचणीवर मात करणारे महत्त्वाचे संशोधन भोपाळ येथे झाले. वायुदुर्घटनेनंतर तेथील बाधित वस्त्यांतील रहिवाशांना एका रुग्णालयात मोफत उपचारांचा हक्क मिळाला होता. त्यामुळे लोकसंख्या निश्चित होती व खर्चाचा अडसर नव्हता. शहराच्या ५६ प्रभागांपैकी ३६ प्रभागांतील ५,७२,०२९ लोकांचे २००२ ते २००५ या काळात निरीक्षण करण्यात आले आणि अंतिम निष्फलतेचे ३४६ नवे रुग्ण आढळले. यावरून नवरुग्णदर दहा लाखांमागे १५१ आणि वयरचनेनुसार सुधारून २३२ असा आला. मोदी व झा यांनी हे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध केले. ही लोकसंख्या नागरी व विशिष्ट आपत्तीतून गेलेली होती. म्हणून ते आकडे ग्रामीण भारतास जसेच्या तसे लागू करणे योग्य नव्हे. तरीही देशातील प्रमाणाची कल्पना येण्यास त्यांचाच आधार बहुधा घेतला जातो.

केंद्र शासनाच्या अपोहन कार्यक्रमाच्या दस्तऐवजात भारतात दरवर्षी सु. २.२ लाख नव्या रुग्णांची भर पडते व त्यामुळे ३.४ कोटी अधिक बैठकांची गरज निर्माण होते, असे नमूद केले आहे. आठवड्यास तीनप्रमाणे एका रुग्णास वर्षाला १५६ बैठका लागतात, या हिशोबाने दुसरा आकडा पहिल्यातून निघतो. सु. १३० कोटी लोकसंख्येमागे २.२ लाख म्हणजे दहा लाखांमागे सु. १७० हे प्रमाण भोपाळमधील निष्कर्षाशी मिळतेजुळते आहे. तथापि हा एक अंदाज आहे. घरोघरी केलेली मोजणी नव्हे.

गरज व उपचार यांतील तफावत : २०१८ मध्ये भारतात दीर्घकालीन अपोहनावर सु. १.७५ लाख रुग्ण असल्याचा, म्हणजे विद्यमान रुग्णदर दहा लाखांमागे सु. १२९ असल्याचा अंदाज प्रसिद्ध झाला. वर सांगितलेला भागाकार येथे केल्यास विद्यमान रुग्णदर एका वर्षाच्या नवरुग्णदरापेक्षाही कमी दिसतो. रोपण झालेले रुग्ण वगळले, तरी याचा अर्थ असा की, नव्याने निष्फलता आलेल्या रुग्णांपैकी अनेकजण अपोहनापर्यंत पोहोचतच नाहीत आणि पोहोचलेल्यांपैकी पुष्कळांचे उपचार अल्पकाळातच थांबतात. भारतातील विद्यमान रुग्णदर जपानच्या सु. एक-विसांश आहे, रोग मात्र एक-विसांश नाही.

इतर साधनांनीही हेच दिसून येते. भारतीय मूत्रपिंडविज्ञान संस्थेने २००५ मध्ये सुरू केलेल्या चिरकारी मूत्रपिंडविकार नोंदवहीतील ५२,२७३ प्रौढ रुग्णांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील जवळजवळ निम्मे रुग्ण तज्ञाकडे प्रथम आले तेव्हाच पाचव्या अवस्थेत होते आणि या अवस्थेतील बहुसंख्य रुग्णांवर अपोहन वा रोपण यांपैकी कोणताही उपचार चालू नव्हता. जगाचा विचार करता २०१० मध्ये सु. २६ लाख लोकांना अपोहन वा रोपण यांचा लाभ मिळत होता; गरज मात्र ४९ ते ९७ लाख लोकांना होती, असा अंदाज २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे किमान २३ लाखांच्या आसपास लोक उपचारांअभावी दगावले असावेत व त्यांत आशियातील लोकांची संख्या सर्वाधिक होती.

उपचार न मिळालेल्यांची नोंद रुग्णालयात नसली, तरी मृत्यूच्या पाहणीत तिचा माग लागतो. भारताच्या महानिबंधकांच्या नमुना नोंदणी पद्धतीवर आधारलेल्या दशलक्ष मृत्यू अभ्यासात, मृताच्या घरी जाऊन नातेवाइकांकडून मृत्यूपूर्व लक्षणांची माहिती घेतली जाते व तीवरून वैद्य मृत्यूचे कारण ठरवितात. त्यानुसार १५ ते ६९ वर्षे वयोगटातील मृत्यूंत मूत्रपिंड निष्फलतेचा वाटा २००१–०३ मध्ये २.१% होता, तो २०१०–१३ मध्ये २.९% झाला. २०१५ मध्ये या कारणाने देशात सु. १.३६ लाख मृत्यू झाले असावेत.

कारणे : भोपाळच्या अभ्यासात ४४% रुग्णांत मधुमेहजन्य विकार हे कारण होते. राष्ट्रीय नोंदवहीत मधुमेह ३१%, अज्ञात कारण १६%, केशिकागुच्छांचा चिरकारी शोथ १४% व अतिरिक्त रक्तदाब १३% असे प्रमाण आढळले. मूतखडे व मूत्रमार्गातील अडथळे, जन्मजात दोष, आनुवंशिक बहुकोष्ठी रोग आणि वेदनाशामके दीर्घकाळ घेणे ही इतर कारणे होत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात सु. १०.१ कोटी लोकांना मधुमेह होता. मधुमेह जडल्यापासून मूत्रपिंड निकामी होईपर्यंत बहुधा दहा-वीस वर्षे जातात. यामुळे या रुग्णांचा भार पुढील दोन दशकांत वाढत जाणार हे उघड आहे [→ मधुमेह].

अज्ञात कारणाचा गट विशेष लक्षणीय आहे. नोंदवहीतील या गटाचे रुग्ण वयाने लहान, अधिक गरीब व रोगाच्या अधिक पुढील अवस्थेत आलेले होते. आंध्र प्रदेशातील श्रीकाकुलम जिल्ह्याच्या उद्दानम भागात, श्रीलंकेच्या उत्तर-मध्य प्रांतात आणि मध्य अमेरिकेतील ऊसतोड कामगारांत मधुमेह वा रक्तदाब नसताना होणारा मूत्रपिंडविकार मोठ्या प्रमाणावर आढळतो. उन्हातील कष्टाचे काम व वारंवार होणारे निर्जलीभवन, पाण्यातील जड धातू वा इतर द्रव्ये आणि कीटकनाशके यांचा त्यातील वाटा तपासला जात आहे. महाराष्ट्रात पूर्णा नदीच्या खोऱ्यातील अकोला, बुलढाणा व अमरावती या जिल्ह्यांच्या खारपाणपट्ट्यात मूत्रपिंडविकारांच्या तक्रारी दीर्घकाळ होत आल्या आहेत. महाड येथील वैद्य हिंमतराव बावस्कर व सहकारी यांनी महाराष्ट्रातील एका लहान खेड्यात पिण्याच्या पाण्यातील जड धातू व चिरकारी निष्फलता यांच्या संबंधाविषयीची निरीक्षणे २०१० मध्ये प्रसिद्ध केली.

वय व स्त्री-पुरुष प्रमाण : भारतीय रुग्णांचे सरासरी वय भोपाळच्या अभ्यासात ४७, तर नोंदवहीत सु. ५० वर्षे होते. पाश्चात्त्य देश व जपान यांच्या तुलनेत हे वय एक ते दोन दशकांनी कमी आहे. रोग येथे मिळवत्या माणसास गाठतो. त्यामुळे उपचारांचा खर्च वाढतो त्याच वेळी कुटुंबाचे उत्पन्न थांबते. राष्ट्रीय नोंदवहीत सु. ७०% रुग्ण पुरुष होते, तर उपचार मोफत असलेल्या भोपाळमध्ये हे प्रमाण ५८% होते. केवळ शरीरधर्माने या फरकाचा उलगडा होत नाही. खर्च कुटुंबाने करावयाचा असतो, तेथे स्त्री रुग्णालयापर्यंत कमी वेळा पोहोचते, असे यावरून अनुमान निघते. उलट मूत्रपिंड देणाऱ्यांत स्त्रिया पुढे असतात. भारतात अलीकडच्या काळात अवयवदान करणाऱ्या जिवंत दात्यांत त्यांचे प्रमाण साठ टक्क्यांहून अधिक राहिले आहे. २०२३ मध्ये देशात सु. १३,४०० मूत्रपिंड रोपणे झाली व त्यांतील बहुसंख्य जिवंत दात्यांकडून होती. २.२ लाख नव्या रुग्णांच्या तुलनेत ही संख्या फारच थोडी असल्याने बाकीच्यांना अपोहनाशिवाय पर्याय उरत नाही.

महाराष्ट्र व रायगड जिल्हा : भोपाळचा दहा लाखांमागे १५१ हा दर उदाहरणादाखल लावल्यास, २०११ च्या जनगणनेनुसार सु. ११.२४ कोटी लोकसंख्येच्या महाराष्ट्रात दरवर्षी सु. १७,००० आणि २६.३४ लाख लोकसंख्येच्या रायगड जिल्ह्यात सु. ४०० नवे रुग्ण होतील. एक यंत्र दिवसाला तीन पाळ्यांत आठवड्याचे सहा दिवस चालविल्यास आठवड्याला १८ बैठका होतात. म्हणजे आठवड्यास दोन बैठका घेणारे नऊ अथवा तीन बैठका घेणारे सहा रुग्ण त्यावर सामावतात. म्हणून केवळ एका वर्षाच्या ४०० रुग्णांसाठी अनुक्रमे सु. ४५ व सु. ६७ यंत्रे लागतील. रुग्ण जगले, तर पुढील वर्षी त्यांत तितक्याच यंत्रांची भर घालावी लागेल. उपचार यशस्वी झाल्याने गरज वाढते, असा हा विलक्षण हिशोब आहे व नियोजनात तो सहज नजरेआड होतो.

अंतराचा प्रश्न कोकणात अधिक जाणवतो. कुंडलिका नदीच्या दोन तीरांवर वसलेल्या रोहा व अष्टमी या जोडगावांचे उदाहरण घेता येईल. दीड लाखाहून अधिक लोकवस्तीच्या रोहे तालुक्यात वरील दराने दरवर्षी वीस-पंचवीस नवे रुग्ण अपेक्षित धरावे लागतात. गावातील संख्या एवढी लहान असते की, रोग विरळ वाटतो. पण प्रत्येक रुग्णाला आठवड्यातून दोनदा, म्हणजे वर्षाला १०४ वेळा यंत्रापर्यंत जाऊन यावे लागते. केंद्र अलिबाग, पनवेल वा मुंबईस असेल, तर चार तासांच्या बैठकीसाठी सबंध दिवस जातो. सोबतच्या नातेवाइकाची मजुरीही बुडते. पावसाळ्यात नद्यांना पूर येऊन रस्ता वा रेल्वेमार्ग बंद पडला आणि एखाद-दुसरी बैठक चुकली, तरी फुप्फुसांत पाणी साचणे वा पोटॅशियम वाढून हृदय बंद पडणे असे धोके संभवतात. सुधागड किंवा पेण तालुक्याच्या डोंगरपट्ट्यातील आदिवासी वाड्यांसाठी मुख्य रस्त्यापर्यंत पोहोचणे हाच पहिला टप्पा असतो. उपचार मोफत केला, तरी प्रवास मोफत होत नाही. केरळमध्ये शासकीय साहाय्य असतानाही अपोहनावरील बहुसंख्य कुटुंबांवर न पेलणारा आर्थिक भार पडत असल्याचे एका अभ्यासात आढळले आहे.

सार्वजनिक योजना : महाराष्ट्र शासनाने राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू केली व त्यांत रायगडचा समावेश होता. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर लागू झाली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा ज्योतिबा फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळाले. अपोहन व मूत्रपिंड रोपण हे दोन्ही उपचार तीत समाविष्ट आहेत. कुटुंबास वर्षाला मिळणाऱ्या संरक्षणाची मर्यादा प्रारंभी दीड लाख व रोपणासाठी अडीच लाख रुपये होती. ती पाच लाख रुपयांपर्यंत वाढविण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. केंद्र शासनाने २०१६-१७ च्या अर्थसंकल्पात राष्ट्रीय अपोहन कार्यक्रम जाहीर केला. जिल्हा रुग्णालयांत खाजगी संस्थांच्या सहभागाने केंद्रे उभारावयाची व दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना विनामूल्य सेवा द्यावयाची, असे त्याचे स्वरूप आहे. २०१९ मध्ये पर्युदरीय अपोहनासाठीही मार्गदर्शक तत्त्वे निघाली. २०२५ च्या मध्यास ७५१ जिल्ह्यांत सु. १,७०० केंद्रे कार्यरत होती. मानवी अवयव रोपणासंबंधीचा कायदा १९९४ मध्ये झाला. मृत दात्यांच्या अवयवांचे न्याय्य वाटप करण्यासाठी महाराष्ट्रात विभागीय समन्वय केंद्रे आहेत.

या योजनांमुळे अपोहनावरील रुग्णांची संख्या वाढत आहे. त्यावरून रोगाची साथ आल्याचा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. पूर्वी घरी मृत्यू पावणारे रुग्ण आता नोंदीत येऊ लागले, हा या वाढीचा मोठा भाग आहे.

प्रतिबंध : अपोहनाची सोय कितीही वाढविली, तरी नवरुग्णदर कमी केल्याशिवाय गरज व उपचार यांची सांगड बसणार नाही. रोगाचा शोध लागण्यास मूत्रातील अल्ब्युमीन व रक्तातील क्रिॲटिनीन या दोन साध्या व स्वस्त तपासण्या पुरेशा असतात. मधुमेही, अतिरिक्त रक्तदाब असलेले, कुटुंबात मूत्रपिंडविकार असलेले व वारंवार मूतखडे होणारे लोक यांनी त्या वर्षातून एकदा कराव्यात. रक्तदाबाचे व रक्तशर्करेचे काटेकोर नियंत्रण, मिठाचा मर्यादित वापर व तंबाखू वर्ज्य करणे यांनी रोगाची गती मंदावते. अँजिओटेन्सिनाच्या कार्यास विरोध करणारी औषधे मधुमेहजन्य विकारात मूत्रपिंडाचे रक्षण करतात, हे १९९० नंतरच्या दशकात सिद्ध झाले. २०१९ व २०२० मधील मोठ्या चाचण्यांत मूत्रावाटे शर्करा बाहेर टाकणाऱ्या नव्या औषधगटाचाही तसाच लाभ दिसून आला. सांधेदुखी वा अंगदुखीसाठी वैद्यकीय सल्ल्याविना दीर्घकाळ वेदनाशामके घेणे व घटक अज्ञात असलेली भस्मे सेवन करणे टाळावे. उन्हात कष्टाचे काम करणाऱ्यांना पिण्याचे पाणी, सावली व विश्रांती मिळणे हेही मूत्रपिंडाचे रक्षणच होय.

मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने मूत्रपिंडाच्या आरोग्यास प्राधान्य देण्याचे आवाहन करणारा ठराव संमत केला. भारतापुढील कार्य त्रिविध आहे : रोग लवकर ओळखणे, यंत्र रुग्णाच्या आवाक्यात आणणे व प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवणे. यांपैकी नोंदीचे काम सर्वांत कमी खर्चाचे, परंतु सर्वांत दुर्लक्षित राहिले आहे. उपचाराविना गेलेल्या रुग्णाचा आकडा जोवर कोठेच लिहिला जात नाही, तोवर त्याच्यासाठी यंत्र, औषध वा रोपणाची सोय करण्याची गरजही कागदावर येत नाही.